किशोरवयीनांसाठी मासेमारीची सफर : नौका ठरवण्यापूर्वी

गोव्याच्या किनाऱ्यावर ‘फिशिंग ट्रिप’ या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली म्हणजे डॉल्फिन दर्शन, ग्रांडे बेटाजवळचे पोहणे, दुपारचे जेवण आणि या सर्वांच्या मध्ये कोठेतरी अर्धा तास गळ टाकणे, अशी माणशी दराची सामायिक फेरी. दुसरी म्हणजे एखाद्या कुटुंबाने संपूर्ण नौका चार-पाच तासांसाठी भाड्याने घेऊन नदीच्या मुखाशी वा खाडीत केलेली मासेमारी. तिसरी म्हणजे इसवण, मोडसो यांसारख्या मोठ्या माशांच्या मागे खोल समुद्रात जाणारी दिवसभराची मोहीम. तेरा ते सतरा वर्षांची मुले-मुली बरोबर असतील आणि त्यांची ही पहिलीच वेळ असेल, तर दुसऱ्या प्रकाराची निवड करावी.

पहिल्या प्रकारात मासेमारी नावापुरती असते. वीस-पंचवीस प्रवाशांच्या हाती पाच-सहा दोऱ्या दिल्या जातात आणि कोणाच्या गळाला काही लागण्याआधीच नौका पुढे निघते. तिसरा प्रकार चित्रांत फार मोहक दिसतो. प्रत्यक्षात त्यात तासन् तास नौका चालवत आमिष मागे ओढत न्यायचे असते आणि मासा लागलाच, तर रॉड बहुधा खलाशाच्या किंवा वडिलांच्या हाती जातो. मुलगा मागे बसून मोबाइलमध्ये चित्रण करतो. किशोरवयीनांना लहान मुलांप्रमाणे नुसत्या नौकाविहाराचे अप्रूप नसते, आणि प्रौढांप्रमाणे तीन तास निष्फळ वाट पाहण्याची सवयही नसते. त्यांना स्वतःच्या हाताला बसलेला झटका हवा असतो. मासा वीतभर असला तरी चालतो. नदीच्या मुखाशी असे झटके वारंवार बसतात.

नदी, भरती आणि वेळ

मांडवी, झुआरी, शापोरा, साळ आणि तेरेखोल या नद्यांची मुखे म्हणजे गोड्या आणि खाऱ्या पाण्याची सरमिसळ. खारफुटीच्या मुळांशी, पुलांच्या खांबांपाशी आणि बुडालेल्या खडकांजवळ पालू, तामसो, गोब्रो आणि चणाक वावरतात. वाळूच्या उथळ भागात मुडदुशी सापडते. कोळंबीचा, म्हणजे आपल्या सुंगटाचा, तुकडा किंवा बांगड्याची चीर आमिष म्हणून पुरेशी होते. चणाक, ज्याला कोकणात जिताडा म्हणतात, तो मात्र सहजी लागत नाही. तो जिवंत किंवा हलत्या आमिषाकडे वळतो आणि लागला तर पाण्याबाहेर उसळी मारतो. या माशाची एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगण्याजोगी आहे : चणाक नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी त्याची मादी होते. त्यामुळे फार मोठा चणाक हा बहुतेक वेळा अंडी घालणारी मादी असतो. छायाचित्र घेऊन असा मासा पाण्यात परत सोडण्याची प्रथा जाणते गळकरी पाळतात, ती याच कारणासाठी.

खाडीतील मासा घड्याळावर नव्हे, पाण्याच्या ओढीवर खातो. भरती चढत असताना किंवा ओहोटी उतरत असताना आमिष वाहते, लहान जीव हलतात आणि त्यांच्या मागे मोठे मासे येतात. पाणी थांबले की गळही थंडावतो. म्हणून सफर ठरवताना पहिला प्रश्न तारखेचा न विचारता भरतीचा विचारावा. मुरगाव बंदराचे भरती-ओहोटीचे तक्ते उपलब्ध असतात. ते हाताशी नसतील तर किनाऱ्यावरचा जुना हिशेब अजूनही कामास येतो : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने कळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या आगेमागे. दिवसातून दोनदा भरती येत असल्यामुळे हा आकडा सकाळी आणि रात्री असा दोन्ही वेळा लागू होतो आणि दररोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकतो. किशोरवयीन मुलांना हा हिशेब स्वतः करू द्यावा. दिनदर्शिकेवरून काढलेली वेळ समोरच्या पाण्याने खरी केलेली पाहणे हा सफरीचाच एक भाग आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला प्रवाह जोराचा असतो आणि हलके वजन तळाशी टिकत नाही. नवशिक्यांना त्यामानाने भांगाचे, म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या आसपासचे, सौम्य पाणी सोयीचे पडते.

ऋतूंविषयी थोडक्यात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर बंदी असते आणि पर्यटक नौकाही पावसाळ्यात बंद असतात. १ ऑगस्टला बंदी उठली तरी समुद्र लगेच निवळत नाही. कुटुंबासाठी योग्य हंगाम दसऱ्यानंतरचा. मे महिन्याच्या उत्तरार्धात पाणी पुन्हा अस्वस्थ होऊ लागते. नाताळच्या सुट्टीत मुले मोकळी असतात हे खरे, परंतु त्याच दिवसांत दर चढलेले, नौका भरलेल्या आणि तांडेल थकलेले असतात. दिवाळीच्या सुट्टीतील एखादा आडवार अधिक चांगला. हिवाळ्याच्या महिन्यांत सकाळी वारा मंद असतो आणि दुपारनंतर वायव्येकडून जोर धरतो. म्हणून उजाडताच निघावे आणि अकरापर्यंत धक्क्याला लागावे. दुपारी तीनची फेरी स्वस्त मिळत असेल, तर ती स्वस्त का आहे हे यावरून ध्यानात येईल.

नदीचे मुख म्हणजे सुरक्षित तळे, असाही समज नसावा. मांडवीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा पट्टा आहे. पावसाळ्यात तेथील जलमार्ग बंद होतो आणि खनिजवाहू बार्ज कुंभारजुवे कालव्यातून झुआरीकडे वळवल्या जातात. साळ नदीच्या मुखाशी बेतुल येथेही वाळू साचते आणि तेथे मासेमारी नौकांना अनेकदा अडचण आली आहे. निवळलेल्या हंगामातसुद्धा ओहोटीचे वेगवान पाणी बाहेर पडत असताना समोरून समुद्राची लाट आत आली की त्या जागी लाटा आखूड आणि उभ्या होतात. हे ओळखणारा तांडेल त्या वेळी मुखापासून आत राहतो. न ओळखणारा ‘काही होत नाही’ असे म्हणतो. पणजीच्या समोर फेरीबोटी, बार्ज आणि कॅसिनोंच्या लहान नौका यांची सतत ये-जा असते. तेथे मुख्य प्रवाहात नांगर टाकून बसणे योग्य नव्हे.

तांडेल आणि कागदपत्रे

नौका दिसायला कशी आहे यापेक्षा ती कोण चालवणार हे महत्त्वाचे. किनाऱ्यावर किंवा हॉटेलच्या दारात पावती फाडणारा मनुष्य बहुधा मध्यस्थ असतो. त्याला नौकेचे नावही सांगता येईलच असे नाही. पैसे देण्यापूर्वी तांडेलाशी प्रत्यक्ष किंवा निदान दूरध्वनीवर बोलावे. आदल्या संध्याकाळी धक्क्यावर जाऊन नौका पाहता आली तर उत्तम. चांगला तांडेल उलट प्रश्न विचारतो : मुले किती, वय काय, पोहता येते का, याआधी नौकेत बसली आहेत का. ज्याला हे प्रश्न सुचत नाहीत, त्याच्याबरोबर मुलांना पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोव्यात प्रवासी नौकांची नोंदणी आणि तपासणी बंदर कप्तान खात्याकडे असते. खात्याचे मुख्यालय पणजीत मांडवीच्या काठावर आहे. २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यंत्रचलित नौकांची नोंदणी, सुस्थितीचा दाखला, चालकाची पात्रता आणि विमा यांचे नियम घालून दिले आहेत. या कागदांवर प्रवाशांची कमाल संख्या नमूद असते आणि ती पाहण्याची मागणी करणे हा ग्राहकाचा हक्क आहे. एक गोष्ट साध्या डोळ्यांनीही तपासता येते. नौकेच्या बाजूवर ‘आयएनडी-जीए’ या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक रंगवलेला असेल, तर ती मासेमारी नौका म्हणून नोंदलेली आहे. ती नोंदणी म्हणजे पैसे घेऊन प्रवासी नेण्याची परवानगी नव्हे. अनेक पारंपरिक मच्छीमार कुशल असतात आणि त्यांना या व्यवसायातून चार पैसे मिळावेत, ही इच्छा रास्तच आहे. परंतु अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो आणि त्या वेळी मच्छीमार व प्रवासी दोघेही उघड्यावर पडतात. स्थानिक कुटुंबालाच काम द्यायचे असेल तर अशी नौका निवडावी, जिने प्रवासी वाहतुकीचीही रीतसर नोंदणी केली आहे. अशा नौका शोधल्यास सापडतात.

कमाल संख्येचे गांभीर्य कळण्यासाठी दूर जावे लागत नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शालेय सहलीची नौका उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नौकेत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि अनेक मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. त्याच वर्षी २५ डिसेंबरला कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची नौका उलटून एकाचा मृत्यू झाला आणि इतरांना जीवरक्षकांनी बाहेर काढले. हरणीचा तर तलाव होता. तेथे लाट नव्हती, प्रवाह नव्हता. मासेमारीत नौकेचा तोल आणखी नाजूक असतो, कारण मासा लागला की सगळी मुले एकाच बाजूला धावतात. त्यामुळे कागदावर दहा जणांची परवानगी असली तरी गळ टाकण्यासाठी लहान नौकेत चार ते पाच जणांहून अधिक नकोत. तितकीच माणसे असतील तरच प्रत्येकाला हात फिरवायला जागा मिळते आणि शेजाऱ्याच्या कानाला गळ लागत नाही.

लाइफ जॅकेटबाबत बहुतेक पालक ‘आहेत ना?’ एवढेच विचारून थांबतात. तेरा वर्षांचा मुलगा पस्तीस किलोंचा असू शकतो आणि सतरा वर्षांचा सत्तर किलोंचा. एकाच मापाची जॅकेटे दोघांना होत नाहीत. धक्क्यावरच जॅकेट अंगात घालून सर्व पट्टे आवळावेत आणि खांद्यांच्या पट्ट्यांना धरून ते वर उचलावे. जॅकेट हनुवटीच्या वर सरकत असेल तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. फाटलेली शिवण, तुटलेले बक्कल, पाणी शोषून जड झालेला फोम या गोष्टी हाताने कळतात. घरी नेमक्या मापाचे जॅकेट असेल तर ते बरोबर न्यावे, तांडेलाला त्याचे वाईट वाटत नाही. जॅकेट घातल्यावर ते धक्क्याला परत येईपर्यंत काढायचे नाही, ही अट निघण्यापूर्वी सर्वांच्या समोर सांगावी. मोठ्यांनीही ती पाळावी. वडील जॅकेट मांडीवर ठेवून बसले की सोळा वर्षांचा मुलगा ते दहा मिनिटांत काढतो.

नौकेवर व्हीएचएफ संच आहे का आणि तांडेलाखेरीज नौका परत आणू शकणारा दुसरा खलाशी आहे का, हे दोन प्रश्न विचारावेत. समुद्रातील शोध व बचावासाठी भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक निःशुल्क आहेत, ते मुलांच्या मोबाइलमध्येही नोंदवून ठेवावेत. निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा किनारपट्टीसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज पाहावा. इशारा असेल तर सफर रद्द झाल्यास आगाऊ रक्कम परत मिळणार की पुढील तारखेस वळती होणार, हे आधीच ठरलेले बरे. कारण पैसे अडकले की पालकच ‘जाऊन तर पाहू’ म्हणू लागतात.

पोट, ऊन आणि शौचालय

मळमळ ही मुलांच्या सफरी बिघडवणारी सर्वांत मोठी गोष्ट. चालत्या नौकेपेक्षा नांगरलेली नौका अधिक मळमळ आणते, कारण ती एका जागी हेलकावत राहते आणि इंजिनाचा धूर तेथेच रेंगाळतो. गळ टाकताना नौका नेमकी नांगरलेलीच असते. नदीच्या आतले पाणी निवडण्याचे हेही एक कारण. रिकाम्या पोटी जाऊ नये आणि तेलकट न्याहारीही करू नये. पोळी, केळे, इडली एवढे पुरे. गोळी घ्यायची असेल तर ती डॉक्टरांना विचारून, निघण्यापूर्वी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. अस्वस्थ वाटू लागलेल्या मुलाला मोबाइल खाली ठेवायला सांगून नौकेच्या मध्यभागी, क्षितिज दिसेल असे बसवावे. आणि परत फिरायची वेळ आली तर फिरावे. भाडे पूर्ण द्यावे लागते, तरीही.

लहान नौकांवर शौचालय नसते. जाहिरातीत ही गोष्ट कोणी लिहीत नाही आणि विचारायला मुलींना संकोच वाटतो. परिणामी त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि उन्हात त्यांचे डोके दुखू लागते. पाळीच्या दिवसांत तर ही अडचण अधिकच वाढते. मुली बरोबर असतील तर चार तासांहून मोठी फेरी घेताना शौचालय असलेली नौका निवडावी, किंवा मध्ये कोणत्या धक्क्याला लागता येईल हे तांडेलाशी आईने किंवा बरोबरच्या मोठ्या व्यक्तीने आधीच बोलून ठेवावे. हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी मुलींवर टाकू नये.

पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, दोरीने बांधलेली टोपी, न घसरणारी चप्पल किंवा बूट आणि गॉगल. गॉगल चैनीसाठी नसून डोळ्यांच्या रक्षणासाठी असतो. शेजाऱ्याने मागे झोका घेऊन फेकलेला गळ कोठे जाईल याचा नेम नसतो.

गळ, मासे आणि काटे

साहित्य नौकेवर मिळणार असेल तर ते कोणते, हे विचारावे. मुलांसाठी सहा-सात फुटांचा हलका रॉड आणि साधे रीळ पुरे. नुसती हातदोरी असेल तरी बिघडत नाही. तळाशी मासा टोचत असल्याचे बोटांना दोरीवर जितके स्पष्ट कळते, तितके रॉडवर कळत नाही. मात्र मोठा मासा दोरी ओढू लागला की ती बोटाला चिरते, म्हणून तळव्याला हातमोजा हवा आणि दोरी हाताला गुंडाळायची नाही, हे बजावून सांगावे. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकण्याची विनंती तांडेलाला करावी. त्यामुळे एखादा मासा निसटेल, पण बोटात रुतलेला गळ सरळ बाहेर येईल आणि सोडायचा मासा फारसा न दुखावता सोडता येईल.

सर्वांत जास्त वेळा गळाला लागणारा मासा पुष्कळदा सांगट, म्हणजे शिंगाळा, असतो आणि नवख्या मुलाचा हात आधी त्याच्याकडेच जातो. त्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांत एकेक असे विषारी काटे असतात. तो खलाशाने पक्कडीने धरून सोडवावा. काटा लागलाच तर जखम धुऊन हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा. उष्णतेने वेदना कमी होतात. त्यानंतर डॉक्टरांकडे जावे. याकरिता थर्मासमध्ये गरम पाणी नेण्याची सूचना विचित्र वाटेल, पण ती उपयुक्त आहे. पोट फुगवणारा केंड मासा मुलांना फार गमतीदार वाटतो. तो खाण्यास विषारी असल्यामुळे तसाच पाण्यात सोडावा. वागळ्याच्या शेपटीपासून सर्वांनीच दूर राहावे.

काही प्राणी कायद्यानेच संरक्षित आहेत. समुद्री कासव, डॉल्फिन, देवमाशासारखा अजस्र व्हेल शार्क, करवतीसारखे तोंड असलेला सॉफिश, समुद्रघोडा हे सर्व १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात. त्या दिवसांत किनाऱ्यालगत कासव दिसले तर नौका संथ करून बाजूने न्यावी. डॉल्फिनांच्या कळपामागे नौका पळवण्याचा आग्रह मुले धरतात आणि काही चालक तो पुरवतातही. जो तांडेल इंजिन मंद करून ‘थांबा, येतील इकडे’ म्हणतो, त्याचा क्रमांक जपून ठेवावा.

भाडे आणि पकडलेला मासा

दरात काय समाविष्ट आहे यावर नंतर वाद होतात : इंधन, आमिष, बर्फ, साहित्य, पिण्याचे पाणी. फेरीची वेळ धक्का सोडल्यापासून मोजायची की गळ पाण्यात पडल्यापासून, हेही ठरलेले असावे. काही नौकांवर पकडलेला मासा खलाशांचा, अशी रीत असते. काहींवर तो प्रवाशाचा असतो. पहिला पालू पकडलेल्या मुलाला तो घरी न्यायचा असतो आणि नेमक्या त्याच क्षणी हा नियम कळणे वाईट. मासे न मिळाल्यास पैसे परत, अशी हमी देणाऱ्यापासून सावध राहिलेले बरे. पाण्यावर काम करणारा अनुभवी माणूस असे वचन देत नाही.

मुलांना या गोष्टीची गोडी आहे की नाही याचीच शंका असेल, तर भाडे खर्च करण्याआधी एक विनाखर्च परीक्षा आहे. रापण ओढली जात असेल त्या किनाऱ्यावर पहाटे त्यांना घेऊन जावे. रापणकारांना दोरीला हात लावणारे चार जण नेहमीच हवे असतात. जाळे वर येईपर्यंत जो मुलगा वाळूत उभा राहतो आणि बांगड्यांत आणखी काय काय आले हे वाकून पाहतो, त्याच्यासाठी नौका ठरवण्यास हरकत नाही. ज्याला दहा मिनिटांत घरी जायचे असते, त्याला आणखी एक-दोन वर्षे द्यावीत.

घरी आणलेला मासा ज्याने पकडला त्यानेच साफ करावा, निदान पहिला तरी. खवले काढणे, पोट चिरणे आणि कल्ले बाजूला करणे हे खलाशी धक्क्यावरच पाच मिनिटांत शिकवतात. त्यासाठी बहुधा वेगळे पैसे मागत नाहीत. लहान मुडदुशी रव्यात घोळून तळावी, पालूचे हुमण करावे. चणाक मिळालाच, तर त्याच्या तुकड्यांना मीठ-हळद लावून ठेवावी आणि आजीला विचारावे.